बोलणी आणि पंगत

४ नोव्हें.
एमआयडीसीतल्या कारखान्यात गेले, कँटीनचं काम मागायला. पर्चेसच्या साहेबांनी माझी भाकरी-भाजी खाल्ली, मान डोलावली, थाळीचा दर विचारला. सांगितला. ते गप्प. झालं. म्हटलं, वरून ताक देईन. ते कागद चाळत राहिले. मग पापड. मग शुक्रवारी गोड, तेही फुकट. कोणी मागितलं होतं? म्हणाले, "दराचा परत विचार करा, पुढच्या आठवड्यात या."
इतकी वर्षं महाडात डबे पोचवतेय, पण दर सांगितला की जीभ माझी राहत नाही.

५ नोव्हें.
नणंद सुमन आली. तिचं पोलादपूरला साड्यांचं दुकान, तिला बोलणी कळतात. ऐकून पोट धरून हसली. "गो वैनी, समोरचा गप्प बसला की तुला वाटतं त्याच्या पानात काय कमी पडलं. ती बोलणी हाय, पंगत नाय."
बरोबर बोलली मेली. माहेरी तुडीलला पाहुण्याने पानावर हात आडवा धरला तरी आई वाढायचीच. तेच अंगात मुरलंय.
सुमनचा उपाय: दर सांगायचा, गालात लवंग धरायची, समोरचा बोलेपर्यंत ओठ उघडायचे नाहीत.

७ नोव्हें.
घरी ह्यांच्याबरोबर सराव. हे साहेब झाले, खुर्चीत पाय वर घेऊन. दर सांगितला. ह्यांनी नुसती भुवई उडवली, मी लगेच "लोणचं पण..."
"अगं, मी काय बोललो पण नाय," हे म्हणतात. परत. परत. भात करपला.

९ नोव्हें.
डब्याचं नवीन गिऱ्हाईक. "जास्त वाटतं हो ताई." मी लवंग धरून उभी. त्यानेच डोकं खाजवलं, म्हणाला, "बरं, उद्यापासून द्या." आनंदात लवंग चावली, तोंड भाजलं. भाजू दे.

१२ नोव्हें.
गेले. ठेवणीतली साडी. दर सांगितला. साहेब गप्प. पंखा घरघरतोय, ताक अगदी ओठांवर आलेलं. लवंग दाबून धरली.
शेवटी साहेबच म्हणाले, "आणि ते ताक, पापड?"
"देते की. त्याचा दर वेगळा."
हे मी बोलले. मी. साहेब हसले. "याच दराने एक महिना करून बघा. मग कायमचं ठरवू."
गेटबाहेरून सुमनला फोन. दोघी एकदम बोलत होतो, कोणालाच काही कळलं नाही. इतकी खूश मी लग्नातही नव्हते.

१८ नोव्हें.
कँटीनचा पहिला दिवस. भांडी चाटूनपुसून रिकामी झाली. साहेब पण जेवायला बसले. दुसऱ्या भाकरीला हात आडवा धरला. मी वाढलीच.
"हिचा दर वेगळा का?"
"जेवताना कसला दर, साहेब. खावा."
कायमच्या कामाची बोलणी महिना सरल्यावर. येताना लवंगांची मोठी पुडी घेतली.