सात कुलपांचा मुकुट

नाना, काल तुमच्या धाकट्या लेकाच्या नातीनं मला फोनवर एक चित्र दाखवलं. जुन्या बोहेमिया राज्याचा मुकुट, प्रागला ठेवलेला. राज्य केव्हाच गेलं, पण मुकुट, राजदंड अजून सात कुलपांमागे आहेत, आणि सात जण आपापली किल्ली घेऊन एकत्र आल्याशिवाय ते दार उघडत नाही. मला हे पन्नास वर्षं माहीत आहे, असं मी तिला म्हणालो नाही. मात्र रात्रभर धड झोप नाही. दाराची कडी तीनदा पाहून आलो.

तुम्ही ते वाचलंत एस्प्लनेडच्या फुटपाथवरून आणलेल्या जुन्या मासिकात. इथल्या, बंगाली मुलखातल्या मराठी मंडळींच्या गणपतीचा चांदीचा मुकुट तेव्हा आपल्याकडे, बागबाजारच्या घरी, लोखंडी पेटीत असायचा. दुसऱ्याच दिवशी तुम्ही पेटीला सात कड्या ठोकून घेतल्यात, सात कुलपं आणलीत. सहा किल्ल्या सहा घरी दिल्यात. सातवी माझ्यादेखत धाकट्याला. तो कॉलेजात होता; मी आठवीत दोनदा नापास होऊन छापखान्यात लागलेला.

"आणि मला, नाना?"

"तू पेटीशेजारी झोपतोस ना? तूच आठवं कुलूप."

सगळे हसले. आईसुद्धा. धाकट्यानं किल्ली जानव्याला बांधली. रोज सकाळी नळावर तो उघडा उभा राहिला की ती त्याच्या छातीवर हलायची आणि मी बादली अर्धीच भरून आत जायचो.

चतुर्थीला आठ दिवस असताना त्या सहा घरांपैकी एकाची, बँकेतल्या साहेबांची, नागपूरला बदली झाली. त्यांचं सामान चढवायला मी हावड्याला गेलो. गाडी हलली तेव्हा त्यांना आठवण झाली. खिडकीतून किल्ली माझ्या हातात देत म्हणाले, "नानांना दे रे." मी ती माझ्या जानव्याला बांधली, सदऱ्याआड.

चतुर्थीची सकाळ. सहा कुलपं निघतात, एक निघत नाही. गुरुजी खोळंबलेत. मागून कुणीतरी म्हणतं, "बदलीवाल्यांच्या हाती किल्ली द्यायचीच कशाला?" तुम्ही ते बंद कुलूप पुन्हा एकदा ओढून पाहता. शेवटी लोहार येऊन कुलूप कापतो. पुढच्या वर्षी मंडळींनी पेटी दुसऱ्या घरी नेली. तुम्ही त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत बसायचात, आणि मी तुमच्याकडे.

हा कागद धाकट्याला दाखवणार नाही. तो मला लगेच माफ करील, आणि तेही मला सोसणार नाही. त्या सकाळी किल्ली काढायला मी दोनदा सदऱ्यात हात घातला होता, नाना. दोन्ही वेळा तुमचा हात त्याच्या खांद्यावर होता.