दादाने रजा घेतली नाही

४ ऑक्टोबर
१. दादा तुरुंगात शिक्षा भोगतोय. शेतातल्या विहिरींवरच्या मोटारी चोरल्या. ही दुसरी वेळ.
२. थोडे दिवस घरी जायची, फर्लोची रजा मंजूर झाली.
३. त्याने ती घेतली नाही.
४. आईचा गावाहून, नरखेडहून फोन. तो आपल्यावर रागावलाय का, विचारत होती. माहीत नाही म्हटलं.

५ ऑक्टोबर
दादाच्या वकीलबाईंना विचारलं. दुसऱ्यांदा आलेल्याला शिक्षेत माफी मिळतच नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. मिळते. काम केलं, वागणूक नीट राहिली की थोडी थोडी जमते. जुना गुन्हा असला की हात जरा आखडता, एवढंच. रजेवरून उशिरा परतला तर मात्र जमलेली कापतात.
पण रजाच नको, हे का?
वीज कंपनीच्या ऑफिसात ट्रान्सफॉर्मरचं एकच रीडिंग दोनदा लिहिलं.

९ ऑक्टोबर
आईला घेऊन भेटीला. मध्ये काच, कानाला फोन. दादा सुतारकामात आहे, हाताला घट्टे. आईने काहून नाही आला विचारलं, तर हातावरचे घट्टे चोळत म्हणाला,
"आलो का वापस जाणं होत नाही मले. मागच्या खेपेले रजेवर आलो तं संत्र्याची तोड होती, म्हटलं आटपून जाऊ. माफी कापली नं त्यायनं."
मग आईकडे बघून, "तुह्या हातचं खाल्लं का पाय निघते का माणसाचा?"
आई हसली. कितीतरी दिवसांनी.
मला म्हणाला, "तुले तं समजलं असन वं."
हो म्हटलं.

१७ ऑक्टोबर
वकीलबाईंचा फोन. जमलेली माफी शिक्षेतून वजा झाली. डिसेंबरात सुटेल, आम्ही समजत होतो त्याच्या बरंच आधी. आईला कळवलं. पलीकडे नुसता पंपाचा आवाज. मग आई म्हणाली, "थांब, मोटार बंद करून येतो."
आज नीट जेवले.
पण आई म्हणते, सरळ गावीच आणायचा. ज्यांच्या मोटारी नेल्या, त्यांच्याच बांधांवरून रोज...

२० ऑक्टोबर
दादाला पत्र टाकलं. मजकूर असा:
"सुटल्यावर इथे शहरात, नंदनवनला माझ्याकडे राहू शकतोस. इथल्याच महाल भागात एका मिस्त्रीकडे फर्निचरचं काम आहे. तुझं सगळं सांगूनच विचारलं, पाठव म्हणाला. तिकडे गावी आईने तुझी गादी उन्हात घातली आहे. कुठून तुझा पाय निघणार नाही, हे तुलाच ठाऊक. तू ठरव. मी आईशी बोलेन. मिस्त्रीला सांगायचंय, म्हणून ३१ ऑक्टोबरपर्यंत उत्तर दे."