हजर होण्यास अवसर

हुबळी,
५ ऑगस्ट २०२५

तीर्थस्वरूप रेवणप्पामामांस,
रत्नाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून तुम्ही म्हणाल, या पोरीकडे फोन नाही काय? आहे मामा. पण तुम्हाला कमी ऐकू येतं म्हणून तुम्ही फोन स्पीकरवर टाकता, आणि घरातली बातमी तुमच्याआधी गल्लीला कळते. मागच्या खेपेला मी माझ्या लग्नाबद्दल तुमच्याशी जे बोलले, ते शेजारच्या सिद्धव्वानं दिवाळीत मला जसंच्या तसं म्हणून दाखवलं. म्हणून पत्रच बरं.

बातमी अशी की मला सरकारी डॉक्टरची नोकरी लागली. जागा कुठं, तर तुमच्या चिंचोडगीच्या आरोग्य केंद्रात! यादीतून गाव निवडायची वेळ आली तेव्हा बाकीची गावं नकाशात सापडेनात. चिंचोडगीत निदान मामीच्या हातची शेंगाचटणी आहे, एवढाच विचार करून बोट ठेवलं.

अडचण एकच. सप्टेंबरअखेर हजर व्हा असं हुकमात आहे, आणि माझं बाळंतपणाच्या विषयातलं पुढचं शिक्षण अजून संपायचंय. परीक्षा पुढच्या वर्षी. आत्ता हजर झाले तर आजवरची सगळी मेहनत पाण्यात, आणि शिक्षण धरून बसले तर नोकरी जाते. माझ्यासारख्या बऱ्याच जणांनी हजर व्हायची तारीख पुढं ढकलण्यासाठी अर्ज दिलेत. मलाही द्यायचाय, पण तो कन्नडात पाहिजे. मी कन्नड बोलते फाडफाड, लिहायला घेतलं की औषधाची चिठ्ठी होते. तुम्ही मराठी शाळेत मास्तर असूनही खात्याशी जन्मभर कन्नडात भांडलात, असं तुम्हीच सांगता. म्हणून दोन कोऱ्या कागदांवर सही करून पाठवतेय. वर तुम्ही मजकूर लिहा आणि आरोग्य खात्याच्या ऑफिसात द्या. दुसरा कागद अशासाठी, की पहिल्यावर तुम्ही चहा सांडाल.

श्रीदेवीवहिनीला चौथा महिना लागला ना? तुमच्या सूनबाईंना सांगा, रक्तवाढीच्या गोळ्या उशीखाली ठेवून रक्त वाढत नाही.

मामींना नमस्कार. माझ्यावर लोभ ठेवावा आणि कागदावर लक्ष.

तुमची,
रत्ना


॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

चिंचोडगी,
१४ ऑगस्ट २०२५

चि. डॉक्टर नागरत्ना हिस रेवणप्पाचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

नोकरीचं वाचून घरात आनंद झाला. तुझ्या मामीनं लगेच शेंगा भाजायला घेतल्या. सरकारी डॉक्टरबद्दल आजवर आम्हाला एवढंच ठाऊक होतं की तो येत नाही. तो का येत नाही हे कागदावर लिहायचा योग पहिल्यांदाच आला, आणि तोही सख्ख्या भाचीसाठी. मास्तरकी सार्थकी लागली म्हणायची.

तुझ्या राज्याची माहिती देतो. केंद्राची इमारत पक्की आहे. आत नर्स पद्माबाई, बाहेरच्या ओट्यावर शेळ्या. कायमचा डॉक्टर नाही म्हणून तालुक्याच्या आळंदहून एक डॉक्टर मंगळवारी जीपनं येतो आणि जेवणाच्या वेळेपर्यंत बसतो. त्यामुळे गावाला मंगळवारी आजारी पडायची सवय लागलीय. सोमवारी संध्याकाळी ज्याला ताप भरतो त्याला लोक नशीबवान समजतात. बुधवारी पडला तर त्यानं आठवडाभर धीर धरायचा.

अर्ज दिला. आळंदच्या बाजारातलं कन्नड ऑफिसात शोभत नाही, म्हणून भारदस्त, ग्रंथातलं लिहिलं. मुख्य वाक्य तुझ्या माहितीसाठी देतो: 'हाजरागलु अवसर बेकागिदे.' म्हणजे, हजर होण्यास अवसर पाहिजे. थोडक्यात सगळं आलं. कारकुनानं वाचलं आणि माझ्याकडे बघतच राहिला. तो मैसूरकडचा आहे. म्हणाला की असा अर्ज त्याच्या उभ्या नोकरीत आला नव्हता. मी त्याला सांगितलं की मी मराठी शाळेचा मास्तर आहे.

आता निर्धास्त अभ्यास कर. लोभ वाढवावा, चष्म्याचा नंबर वाढवू नये.

तुझा मामा,
रेवणप्पा


हुबळी,
२७ ऑगस्ट २०२५

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

आज ऑफिसचं उत्तर आलं. त्यात लिहिलंय की उमेदवाराला हजर होण्याची घाई आहे हे लक्षात घेऊन सप्टेंबरअखेरपर्यंत थांबायची अट काढण्यात येत आहे, उमेदवारानं सोमवारी, ८ सप्टेंबरलाच हजर व्हावं. शेवटच्या ओळीत माझ्या सेवाभावाचं कौतुकही आहे.

मी चक्रावले. माझ्या खोलीतली मैत्रीण मैसूरची. तिला तुमचं ते भारदस्त वाक्य म्हणून दाखवलं, तर ती हसून हसून पलंगावर आडवी झाली. मामा, अवसर म्हणजे मराठीत सवड. कन्नडात अवसर म्हणजे घाई! 'हजर होण्यास घाई पाहिजे' असा अर्ज तुम्ही माझ्या सहीनं दिलात. आपल्या बाजारात कुणाला घाई असली की तो गडिबिडि म्हणतो, नाहीतर लगू लगू म्हणतो, त्यामुळे हा शब्द तुमच्या कानावर पडला नसेल. पडला असता तरी त्या कानांचा भरवसा काय!

सगळ्यांनी तारीख पुढं मागितली. बहुतेक माझीच एकटीची ती अलीकडे आली असेल. कोऱ्या कागदावर सही करणारी मीच शहाणी, म्हणून तुमच्यावर धड रागावताही येत नाही. पण खरं सांगू? मला रडू येतंय. सोमवारी हजर झाले तर परीक्षा गेली, नाही झाले तर नोकरी गेली. दुसरा सही केलेला कागद आहे तुमच्याकडे. उद्याच्या उद्या ऑफिसात जा. आणि कृपा करा, भारदस्त काही लिहू नका.

रागासकट लोभ आहेच.

रत्ना


॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

चिंचोडगी,
६ सप्टेंबर २०२५

चि. रत्नास अनेक आशीर्वाद.

आधी काम झाल्याचं सांगतो, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. परीक्षा होईपर्यंत तुला मुदत मिळाली. जागा तुझ्याच नावावर राहील.

आता माझी बाजू. अवसर हा शब्द आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आहे. यल्लम्माच्या जत्रेत बायकांच्या अंगात येतो तोही अवसरच. त्याचा अर्थ घाई असा मैसूरवाल्यांनी कुठून काढला ते त्यांनाच विचार. कारकुनानं ऑफिसातल्या सगळ्यांना बोलावून माझं वाक्य वाचून दाखवलं. एक साहेब तर डोळे पुसत परत गेला. मग कारकुनानंच नवा मजकूर सांगितला. खरा शब्द म्हणे 'कालावकाश'. म्हणजे आपला अवकाश! दोन अक्षरांनी मी हुकलो, रत्ना.

पण तुला जे सांगायचंय ते वेगळंच. मी ऑफिसात जाण्याआधीच हुकमाची एक प्रत इथल्या केंद्रात आली होती. पद्माबाईनं ती कट्ट्यावर मोठ्यानं वाचली. डॉक्टरीणबाईंना चिंचोडगीला यायची घाई आहे हे ऐकून लोकांना काही सुचेना. आमच्याकडे घाईनं कुणी येत नाही. एसटी येत नाही, तलाठी येत नाही, निवडणूक सोडली तर पुढारी येत नाही. त्याच दिवशी ओट्यावरच्या शेळ्या हलल्या. भिंतींना चुना लागला. लिंगराज पेंटरनं तुझ्या नावाची पाटी रंगवली आणि नागरत्नातला 'ग' लहान पडला म्हणून पुसून पुन्हा रंगवली. सिद्धव्वा माझ्या दारात बसून पदरानं डोळे पुसत म्हणाली की पोरगी एवढ्या गडबडीनं यायलीय, म्हंजे आपल्या गावात बी कायतरी आसलंच की.

आणि ऑफिसातून परत येऊन मला कट्ट्यावर सांगावं लागलं की रत्नाला घाई नव्हती, सवड पाहिजे होती. एवढी शांतता मला वर्गात छडी हातात असतानाही मिळाली नव्हती. शेवटी लिंगराजनं विचारलं की मग पाटी ठिवायची का काढायची. मी म्हणालो, राहू दे.

तुझं काही चुकलं नाही. शिकणाऱ्यानं शिकावं. पण माझा जीव त्या दिवसापासून कशात लागत नाही.

लोभ आहे तसाच आहे, तो मुदतीवर नाही.

रेवणप्पा


चिंचोडगी,
मंगळवार, ७ ऑक्टोबर २०२५

चि. रत्नास आशीर्वाद.

तुझं मुदत मिळाल्याच्या आनंदाचं पत्र आलं. त्यातली माझ्या कन्नडाची टिंगल मामीनं शेजारीपाजारी वाचून दाखवली. उत्तराला उशीर झाला, कारण एक गोष्ट कळवावी की नाही हे ठरत नव्हतं. आज ठरलं. आज पुन्हा मंगळवार, आणि आजही जीप आली नाही.

मागच्या महिन्यापासून आळंदचा डॉक्टर बंद आहे. आधी वाटलं जीप बिघडली असेल. मग ऑफिसात जाऊन विचारलं. त्यांनी फार सौजन्यानं समजावलं की मंगळवारचा डॉक्टर रिकाम्या जागेसाठी असतो, आणि चिंचोडगीची जागा आता रिकामी नाही, तिथं डॉ. नागरत्ना आहेत. मी म्हणालो की त्या हुबळीला आहेत. ते म्हणाले की त्या हजर नाहीत हे बरोबर, परंतु जागा भरलेली आहे. मला वाटलं माझ्या कानांचा दोष. पुन्हा विचारलं, तर त्यांनी तेच ओरडून सांगितलं.

म्हणजे डॉक्टर नव्हता तेव्हा आम्हाला आठवड्याला एक सकाळ मिळत होती. आता कागदावर रोजचा डॉक्टर आहे, म्हणून तीही गेली. सिद्धव्वाच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या. ती केंद्राच्या ओट्यावर जाऊन तुझ्या पाटीकडे बघत बसते. शेळ्याही परत आल्यात. श्रीदेवीच्या पायांवर सूज आहे. पद्माबाई म्हणते डॉक्टरला दाखवायला पाहिजे, आणि डॉक्टर कुठं आहे तर भिंतीवर.

तू अभ्यास सोडावास असं मी म्हणत नाही. मला राग आलाय. तो कुणावर काढावा हे कळेना, म्हणून तुला लिहितोय.

लोभ असू दे, हे वाचल्यावरही.

रेवणप्पा


हुबळी,
१६ ऑक्टोबर २०२५

ती. मामांस,
शि. सा. न.

पत्र पोचताक्षणी वहिनीला आळंदच्या दवाखान्यात न्या. रक्तदाब आणि लघवी, दोन्ही तपासून घ्या. पायांच्या सुजेला मंगळवार-बुधवार कळत नाही. हे पत्रात लिहून भागणार नाही म्हणून फोनही करतेय. टाका स्पीकरवर, ऐकू दे गल्लीला.

सोबत माझा राजीनामा आहे. या खेपेला कागद कोरा नाही. मैसूरच्या मैत्रिणीकडून दोनदा तपासून घेतलाय, सगळे शब्द कन्नडात जे आहेत तेच आहेत. ऑफिसात द्या, म्हणजे जागा रिकामी होईल आणि तुमचा मंगळवार तरी परत येईल.

इथं सगळे मला वेडी म्हणतायत. मिळालेली सरकारी नोकरी कुणी सोडतं का, म्हणून समजूत घालतायत. आईला अजून सांगायचा धीर झालेला नाही. मलाही फार वाईट वाटतंय, उगाच मोठेपणा दाखवत नाही. त्या नोकरीच्या भरवशावर मी पुढचं सगळं ठरवलं होतं. पण मी इथं दिवसभर दुसऱ्यांच्या सुनांची बाळंतपणं करते, आणि माझ्याच नावाची पाटी आडवी येऊन आपल्या सुनेला कुणी तपासत नाही. मग पुस्तक उघडलं तरी अक्षर दिसत नाही मामा. परीक्षा झाल्यावर जागा निघाली तर पुन्हा अर्ज करीन.

लोभ करावा. पाटी मात्र आधी काढावी.

रत्ना


॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

चिंचोडगी,
३० ऑक्टोबर २०२५

चि. रत्नास अनेक आशीर्वाद.

तुझा फोन गल्लीनं नीट ऐकला, त्यामुळे श्रीदेवीला न्यायला चार जीपा उभ्या राहिल्या. तिचा रक्तदाब वाढला होता. गोळ्या चालू केल्यात, सूज उतरतेय, दर आठवड्याला आळंदला बोलावलंय. डॉक्टर म्हणाले की वेळेवर आलात. तुझी मामी तेव्हापासून तुझं नाव घेऊन दिवा लावते.

मग तुझा राजीनामा घेऊन ऑफिसात गेलो. कारकुनानं कन्नडाचं कौतुक केलं आणि कागद परत दिला. म्हणाला, राजीनामा कामावर असलेल्या माणसाचा घेता येतो. जो हजरच झाला नाही तो सोडणार काय? आधी डॉक्टरीणबाईंनी चिंचोडगीला येऊन हजेरीवर सही करावी, काम सुरू करावं, आणि मग खुशाल सोडावं. मी विचारलं की दुसरी काही वाट? त्यानं साहेबाला विचारलं, साहेबानं नियमांचं पुस्तक उघडलं, आणि दोघंही म्हणाले, नाही. तेव्हा पोरी, हे गाव सोडण्यासाठी तुला आधी इथं यावं लागणार.

कॉलेजातून एका दिवसाची रजा काढ. मंगळवारी ये. पद्माबाईच्या तोंडून बातमी फुटली आणि गावात त्या दिवसाची तयारी सुरू झालीय. सिद्धव्वानं पहिला नंबर धरलाय. वाडीवरच्या दोन गरोदर बाया पायी यायच्या म्हणतात. लिंगराजच्या बापाला गुडघा दाखवायचाय. तू नोकरी सोडायलाच येतेस हे मी सगळ्यांना स्पष्ट सांगितलं. या खेपेला शब्दात काही घोळ ठेवला नाही. ते म्हणाले की व्हय, ठाऊक हाय, पन येनार हाय न्हवं?

तुझ्यावर माझा लोभ किती आहे हे आता मोठ्या शब्दात लिहीत नाही, मोठे शब्द मला महागात पडतात. एकच मागणं आहे. सही सकाळी लवकर येऊन कर. राजीनामा मात्र संध्याकाळी, केंद्राला कुलूप लागताना दे. एक दिवस तरी चिंचोडगीला डॉक्टर असू दे.

तुझा मामा,
रेवणप्पा