बसूअण्णाचं चाक

बंगळूर, रविवार संध्याकाळ, १९५८

जिंकलो खरा, पण बसूअण्णाच्या चाकावर. म्हैसूर रस्त्यावर शर्यत संपत आली आणि माझं मागचं चाक पंक्चर झालं. अण्णा आमच्याच संघातला, वयाने मोठा. कारखान्याने आम्हा दोघांनाही शर्यतींसाठीच पगारावर ठेवलंय. शेवटची धाव माझी, म्हणून चाक त्याने द्यायचं, ही संघाची रीत. त्याने आपलं चाक काढून माझ्या सायकलला बसवलं. "स्वल्पच राहिलंय, पळव!"

गळ्यात हार पडल्यावर कारखान्याच्या साहेबांनी विचारलं, "बसू कुठाय?"

"दमला असेल. मागे राहिला."

असं का बोललो मी? खरं सांगितलं असतं तर हार काय काढून घेणार होते?

साहेब म्हणाले, "वय झालं त्याचं. पुढच्या वेळी दुसरा कोणी बघू." मी गळ्यातला हार सारखा केला.

आत्ता अण्णा घरी येऊन गेला. माझं चाक घेऊन आला होता, पंक्चर काढून, वर स्वच्छ पुसून. मी त्याचं त्याला परत दिलं. चहा पिता पिता सहज म्हणाला, "चाकाचं साहेबांच्या कानावर घातलंस ना रे?"

मी हो म्हणालो.