मशीनवर माणूस पाहिजे

३ तारीख
मास्तर सोडून चालला. महिनाअखेरीला. लेकीकडे राहायला जातो म्हणे. आमच्या खोक्यांच्या कारखान्यात कटिंग मशीन चालवणारा तो एकटाच. बाकीचे पुठ्ठा उचलणारे नाहीतर गोंद लावणारे. मुलाने दुपारी तोंडावर सांगितलं, एक तारखेला मशीनवर पक्का माणूस नसेल तर औषध कंपनीची ऑर्डर गेली. आणि ऑर्डर गेली की तो मशीन विकणार, जागा भाड्याने देणार. भाडेकरू तयार आहे. कारखाना मी उभा केला, हे साहेब विसरले.
संकल्प: आठवड्यात माणूस आणतो. माणूस बघायला डोळे लागतात, कॉम्प्युटर नाही.

४ तारीख
ऑफिस सूनबाई बघते. तिचा बेत ऐकला. जाहिरातीत पगार उघड लिहायचा. सगळ्यांना तेच पाच प्रश्न. मग अर्धा दिवस मशीनवर ट्रायल, त्याचेही पैसे आपणच द्यायचे. आणि दोन दिवसांत हो की नाही कळवायचं. याला प्रोसेस म्हणतात. एवढी उठाठेव मी मुलाचं लग्न ठरवताना केली नव्हती. हे बोललो नाही, ती समोरच होती.
फाटकावर पाटी लावली. माणूस पाहिजे, आत भेटा. झालं काम.

७ तारीख
दोघे आले. पहिल्याची नखं स्वच्छ. मशीनवाल्याची नखं स्वच्छ कशी? वाटेला लावला. मास्तर म्हणाला, हात धुऊन आला असेल. असेल.
दुसऱ्याने बसल्या बसल्या सुट्टीचं विचारलं. मी वडील काय करतात विचारलं. वारले म्हणाला. कशाने, विचारलं. तो उठून गेला. आजकालच्या पोरांना आपुलकी सोसत नाही.

११ तारीख
कोणी फिरकलं नाही. सूनबाईने फोन पुढे केला. आपल्याबद्दल कोणीतरी लिहिलंय की काका पगार सांगत नाहीत, बाप कशाने मेला ते विचारतात. खाली एक तारा. सुरुवात वाईट नाही.


१३ तारीख, संध्याकाळ
सापडला! कोपऱ्यावरच्या चहावाल्याचा मेव्हणा. उंच, ताठ, आवाज खणखणीत, वाक्यागणिक साहेब म्हणतो. बघताक्षणी घेतला. सूनबाई म्हणाली, बाबा, निदान एकदा ट्रायल घ्या. म्हटलं, शितावरून भाताची परीक्षा मला येते.

१५ तारीख
मेव्हण्याने दोन पुठ्ठे एकदम आत घातले. साचा वाकला. मशीन बंद. मेव्हणा मशीनच्या आवाजाने इतका दचकला की टोपी टाकून गेला. उंची मात्र खरी होती.
साचा जुनाच होता. कधीतरी वाकलाच असता. मास्तर ठोकून सरळ करतोय, माझ्याकडे बघत नाही. मुलगा फोनवर कोणाला तरी म्हणत होता, महिनाअखेर धरून चला. कोणाला, ते विचारलं नाही.

१९ तारीख
सूनबाईने परस्पर एक बाई बोलावली. चष्मेवाली. दुसऱ्या कारखान्यात असंच मशीन चालवते, तो कारखाना दुसऱ्या गावी हलतोय. मी हजर राहिलो, नाहीतर पोरं फसतात. पाच प्रश्न झाल्यावर मी सहावा विचारला, मुलं कोण सांभाळणार? सूनबाईचा पाय टेबलाखाली माझ्या पायावर पडला. चुकून असेल, पण जोरात पडला.
ट्रायलला मशीन सुतासारखं सरळ चाललं. खोकी अशी निघाली की मास्तर हसला. मास्तर वर्षातून एकदा हसतो.
सूनबाई म्हणाली, आजच हो कळवू. मी सही केली नाही. लगेच हो म्हटलं की माणसं डोक्यावर बसतात. आठ दिवस भिजत ठेवायचं. मग कमी पगारातही येतात.

२२ तारीख
चष्मेवालीचा निरोप. दुसरीकडून बोलावणं आलंय, उद्यापर्यंत वाट बघते. ही चाल मला चांगली कळते. म्हटलं, बघू दे वाट.

२४ तारीख
औषध कंपनीचा माणूस येऊन गेला. मशीन कोण चालवणार विचारलं. मुलगा म्हणाला, ठरतंय. त्याच्या कपाळावर घाम. पंखा चालू होता.
त्यानंतर दोन अनोळखी माणसं टेप लावून भिंती मोजत होती. विचारलं, रंगाला का? एकजण म्हणाला, हो आजोबा. रंगवाल्याच्या बुटावर एक ठिपका नाही! रात्री दोनदा उठून बसलो. पित्त असेल.

२५ तारीख
कोणाला न सांगता मीच फोन केला. पडतं घेतलं असं नाही, चौकशी. पगार सूनबाईने ठरवला होता तेवढाच सांगितला. थोडा वाढवूनच सांगितला. ती म्हणाली, तिकडे अजून हो म्हटलेलं नाही. मग थांबली.
"काका, एक विचारू? तुम्ही रोज मशीनपाशी असता का?"
"सकाळपासून कुलूप लावेपर्यंत," मी म्हटलं. "काळजीच करू नका."
ती म्हणाली, मग विचार करून सांगते. बिचारीला आधार वाटला असणार.

२६ तारीख
सूनबाईला चष्मेवालीचा फोन आला. मग मुलगा, सूनबाई, मास्तर, तिघे दार लावून बसले. काचेतून बघितलं. बोलत होती सूनबाई, मान खाली मुलाची. माझं नाव दोनदा ऐकू आलं. कौतुक दाराआड करतात का?

२७ तारीख
चष्मेवाली येते! ऑर्डर राहिली, भिंती राहिल्या. भिजत ठेवली म्हणूनच हाती लागली, हे मी मास्तरला समजावून सांगितलं. तो साच्याला तेल लावत होता.
मुलगा म्हणाला, बाबा, यापुढे सह्या मी करतो. कर. माझं मनगट दुखतंच.

३० तारीख
मास्तरचा शेवटचा दिवस. हार झाला, फोटो झाला. चष्मेवाली एक दिवस आधीच आली, दोघांचं मशीनवर काहीतरी चाललं होतं. मी जवळ गेलो तर दोघं पाऊसपाण्याचं बोलू लागली.
चार वाजता सूनबाईने ऑफिसात बोलावलं. जाणाऱ्या माणसाशी हल्ली नीट बसून बोलतात म्हणे, काय आवडलं, काय खुपलं. म्हटलं, मास्तरला बोलावू का? म्हणाली, त्यांचं सकाळीच झालं.
मी खुर्चीत बसलो. तिने वाचायला घेतलं. कोणतं काम आवडलं? सगळं. कशाचा त्रास झाला? कशाचाच नाही. सोडण्याचं कारण? म्हटलं, सोडतंय कोण?
तिने ती जागा कोरी ठेवली. पलीकडे मशीन चालू झालं. खटका अगदी एकसारखा पडत होता. मी थोडा वेळ ऐकलं. चांगलं चालवते.
सूनबाईने कागद पालथा घातला. पुढचा प्रश्न त्यावर नव्हता.
"बाबा, उद्या तुमचा डबा भरायचा, की घरीच जेवाल?"
घरी, म्हटलं.