आमच्या सोल बँडचा उदय आणि अस्त

३ जून, सकाळ
आजपासून आमच्या सोल बँडचा इतिहास लिहायला घेतला. रोज दोन पानं. महिन्यात पुस्तक तयार. बँड बंद पडून तीस वर्षं झाली. मुख्य गायकाने लिहायचं नाही तर कुणी? प्रकाशनाला सगळ्यांना पुन्हा गोळा करून जंगी प्रोग्राम. पडदा उघडताच मी.
ही म्हणाली, आधी गिझरवाल्याला फोन करा.

४ जून
प्रकरण पहिलं : उदय. पोस्टरवर 'सोल बँड' वाचून एक गृहस्थ तुटक्या चपला घेऊन आले होते. सोल म्हणजे आत्मा, हे मी त्यांना अर्धा तास समजावलं. चपला तिथेच टाकून पळाले. केवढी ही विरक्ती!
दोनऐवजी पाव पान झालं. पेन बरं नाही.

९ जून
मधले दिवस चिंतनात गेले. आज माझं योगदान. आम्ही म्हणायचो त्या इंग्रजी सोल गाण्यांना वृत्ताचं भान नसतं. शाळेत गुरुजींनी छडीने पक्कं केलेलं भुजंगप्रयात माझ्या कामी आलं. एकेक गाणं त्यात बसवलं. जिथे अक्षरं कमी, तिथे 'अहो' घातलं. ड्रमवाले डॉक्टर पडले दातांचे, वृत्त कुठून कळणार? बिचारे तालात मागे राहायचे.

१५ जून
प्रकरण दुसरं : अस्त. बेस गिटारवाला, म्हणजे नळांच्या दुकानाचा मालक, एका संध्याकाळी घरी येऊन म्हणाला होता, दादा, बँड संपला. खांदे हलत होते त्याचे. तो हसत होता, असं हिचं म्हणणं. हिला कलावंताचं दुःख कळत नाही.
प्रोग्रामसाठी फोन केले. डॉक्टर म्हणाले, गुडघे गेले. बेसवाला म्हणाला, कान गेले. कोरसमध्ये गाणारी त्याची बायको म्हणाली, भावजी, या वयात कुठलं गाणं नि कुठलं काय! वाईट वाटलं. एकटा मीच टिकलोय.

१९ जून
जुने फोटो मागायला नळांच्या दुकानात गेलो. मागच्या गोदामातून ड्रमचा आवाज. पाइपांच्या आडून पाहिलं. डॉक्टर, दोन्ही गुडघ्यांसकट. बेसवाला. माइकवर वहिनी. भिंतभर पोस्टरं, अगदी गेल्या महिन्यापर्यंतची.
मला बघून ताल तुटला. डॉक्टर म्हणाले, आज आपलं सहजच. वहिनी म्हणाल्या, पुरे आता ते खोटं! भावजी, तुम्हाला काढायची कुणाची छाती होईना, म्हणून बँड बंद केला. तुमच्यापुरता.

२० जून
अर्थ उघड आहे. माझ्यासमोर त्यांना दडपण यायचं. मोठ्या मनाने माफ केलं. शनिवारी त्यांचा प्रोग्राम आहे. शेवटचं गाणं मी म्हणेन, असं कळवलं. वहिनींनी पास पाठवला. पहिली रांग. स्टेजवर चढायला सोपं जावं, म्हणूनच.

२२ जून
घसा जपतोय. कडकडीत मौन. ही म्हणते, चालू राहू द्या.

२४ जून, शनिवार
शेवटचं गाणं आलं. कुणी बोलावेना. जागेवरच उभा राहिलो, पहिला 'अहो' लावला. शेजारच्या बाईंनी शर्ट ओढून खाली बसवलं. म्हणाल्या, आजोबा, गाणं ऐकू द्या ना.
दुसरं करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ऐकलं. इतक्या वर्षांत आमचा बँड मी पहिल्यांदाच ऐकत होतो.
लेकाचे झकास वाजवतात.