सफरचंदाच्या व्हिनेगरची अर्धी बाटली

सोमवार, १० नोव्हेंबर. संध्याकाळ

बायकोचं, सुमनचं तेरावं झाल्यावर आज पहिल्यांदा पलसाण्याला कापडाच्या मिलमध्ये कामावर गेलो. रंगाच्या टाकीत ॲसिड ओतलं आणि तोच आंबट वास आला. वर्षभर आमच्या स्वयंपाकघरात होता तो. ती शुगरसाठी सफरचंदाचं व्हिनेगर प्यायची. मी म्हणायचो, "मिल घरीच आणलीस." आणि बाटली दर महिन्याला मीच आणायचो.

टाकीत ॲसिड जास्त होऊ नये म्हणून मी दर वेळी कागदाची पट्टी बुडवून बघतो. घरी एकदाही विचारलं नाही, किती घेतेस. तिच्या शुगरच्या गोळ्यांचं पाकीट तसंच पडून होतं, तेही दिसत होतं. दोन महिने दिसत होतं. बोललो नाही. का? ती खुशीत होती म्हणून? शेवटी शुगर इतकी चढली की दवाखान्यातून परत आलीच नाही.

मघाशी तिची बहीण मंगल आली होती. तिने फळीवरची अर्धी बाटली उचलली. "दाजी, हाई मी लई जाऊ का? मालेबी शुगर शे. ताईनीच सांगेल व्हतं."

"घेऊन जा" म्हणणार होतो. तोंडातून निघालं, "गोळ्या बंद करू नकोस. एक दिवससुद्धा."

तिने बाटली परत फळीवर ठेवली.

"हाई ताईले का सांगं नही, दाजी?"

ती गेली. वास अजून हाताला आहे.

सांगायला एवढंसंच तर होतं.